विश्लेषण : ‘आयव्हीआयजी’ कोणाला, किती आणि केव्हा? जास्त मात्रा म्हणजे जास्त गुण का?

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुइलेन बॅरे सिंड्रोम अर्थात ‘जीबीएस’चे रुग्ण एकापाठोपाठ एक सापडू लागले आणि पुढच्या काही आठवड्यांत संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. या आजाराबरोबरच आणखी एक शब्द घराघरांत पोहोचला, तो म्हणजे ‘आयव्हीआयजी’. एका इंजेक्शनला वीस हजार रुपये लागतात, अशी दहा-बारा इंजेक्शने आणावी लागतात, अशा चर्चेने अनेक कुटुंबांची झोप उडाली. साथ ओसरली, तरी जीबीएस, कावासाकी आजार, प्लेटलेट कमी होण्याचा आजार किंवा जन्मजात प्रतिकारशक्तीचा अभाव असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांपुढे हा प्रश्न रोज उभा राहतो. हे औषध कशाचे बनते, त्याची मात्रा कशी ठरते आणि ते कुठे निरुपयोगी ठरते, याचा हा आढावा.

आयव्हीआयजी म्हणजे काय?

‘इंट्राव्हेनस इम्युनोग्लोब्युलिन’ या नावाचे हे लघुरूप आहे. शिरेवाटे दिले जाणारे प्रतिपिंडांचे द्रावण, असा त्याचा सरळ अर्थ. आपल्या रक्तातील प्रतिपिंडांचा सर्वात मोठा गट ‘आयजीजी’ नावाने ओळखला जातो. निरोगी रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून म्हणजे प्लाझ्मातून हा गट वेगळा काढून, शुद्ध करून बाटलीत भरला जातो. एका खेपेत किमान हजार आणि बहुतेकदा कित्येक हजार दात्यांचा प्लाझ्मा एकत्र केलेला असतो. त्यामुळे या बाटलीत असंख्य जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे एकत्र असतात.

धनुर्वात किंवा रेबीजसाठी दिले जाणारे इम्युनोग्लोब्युलिन यापेक्षा वेगळे. ते एकाच आजाराविरुद्ध असते आणि त्याची मात्राही वेगळी असते. नावातील साधर्म्यामुळे दोन्हींत गल्लत होऊ नये.

ते इतके महाग का?

कारण त्याचा कच्चा माल कारखान्यात बनत नाही, तो माणसांच्या शरीरातूनच मिळतो. एक लिटर प्लाझ्मातून साधारण साडेतीन ते पाच ग्रॅम आयजीजी हाती लागते. एका वेळच्या रक्तदानातून मिळणारा प्लाझ्मा पाव लिटरच्या आसपास असतो. ६० किलो वजनाच्या जीबीएस रुग्णाला पूर्ण उपचारासाठी १२० ग्रॅम औषध लागते. म्हणजे या एका रुग्णामागे शंभराहून अधिक रक्तदाते उभे असतात.

प्लाझ्मा गोळा केल्यापासून औषध बाजारात येईपर्यंत सात महिन्यांपासून वर्षभराचा काळ जातो. त्यात दात्यांची तपासणी, घटक वेगळे करणे आणि विषाणू नष्ट करण्याच्या एकापेक्षा अधिक प्रक्रिया असतात. या प्रक्रिया दिखाव्यासाठी नाहीत. १९९३-९४ मध्ये अमेरिका व युरोपात एका उत्पादनातून रुग्णांना हेपटायटिस सी झाल्याचे उघड झाल्यानंतर त्या अधिक कडक झाल्या. शिवाय जगातील औषधनिर्मितीसाठीच्या प्लाझ्माचा मोठा वाटा एकट्या अमेरिकेतून येतो, कारण तिथे दात्यांना पैसे दिले जातात. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ मधील निकालानंतर पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. त्यामुळे येथील उत्पादन प्रामुख्याने रक्तपेढ्यांत घटक वेगळे केल्यानंतर उरणाऱ्या प्लाझ्मावर चालते. थोडक्यात, मागणी अचानक वाढली म्हणून पुढच्या आठवड्यात उत्पादन वाढवता येत नाही.

एकच औषध दोन उलट कामे कशी करते?

आयव्हीआयजीचे पहिले काम भरपाईचे. काही मुलांच्या शरीरात जन्मतःच प्रतिपिंडे तयार होत नाहीत. अमेरिकी लष्करी डॉक्टर ऑग्डेन ब्रूटन यांनी १९५२ मध्ये अशा एका मुलाचे वर्णन केले आणि त्याला बाहेरून प्रतिपिंडे देऊन वारंवार होणारा जंतुसंसर्ग थांबवला. ही इंजेक्शने तेव्हा त्वचेखाली दिली जात. शिरेतून मोठ्या प्रमाणावर देता येतील अशी द्रावणे नंतर आली.

दुसरे काम बरोबर उलट, म्हणजे भरकटलेली प्रतिकारशक्ती शांत करण्याचे. स्वित्झर्लंडमधील बालरोगतज्ज्ञ पॉल इम्बाक आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवले, की शरीर स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करत असलेल्या मुलांना आयव्हीआयजी दिल्यावर प्लेटलेट झपाट्याने वाढतात. बाहेरून आलेली भरमसाट प्रतिपिंडे पेशींवरील ग्राहक व्यापून टाकतात, अपायकारक प्रतिपिंडांचा निचरा वेगाने घडवतात आणि दाह वाढवणाऱ्या प्रथिनांना आवर घालतात, असे मानले जाते. यातील नेमका कोणता मार्ग कोणत्या आजारात महत्त्वाचा, याचे उत्तर अद्याप पूर्ण मिळालेले नाही.

मात्रा कशी ठरते?

दोन गोष्टींवर : रुग्णाचे वजन आणि आजार. भरपाईसाठी कमी मात्रा पुरते, पण ती आयुष्यभर द्यावी लागते. प्रतिकारशक्ती शांत करण्यासाठी मोठी मात्रा लागते, पण ती बहुतेकदा एकदाच दिली जाते.

जन्मजात प्रतिपिंडांचा अभाव असेल, तर दर किलो वजनामागे ०.४ ते ०.६ ग्रॅम, दर तीन ते चार आठवड्यांनी. शरीरात आयजीजीचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण तेवढाच काळ लागतो, म्हणून हे अंतर. प्लेटलेट कमी होण्याच्या ‘आयटीपी’ आजारात रक्तस्राव होत असेल किंवा तातडीने शस्त्रक्रिया करायची असेल, तर दर किलोमागे ०.८ ते १ ग्रॅम, एक किंवा दोन दिवस. लहान मुलांच्या कावासाकी आजारात दर किलोमागे २ ग्रॅम, एकाच वेळी, दहा ते बारा तासांत सावकाश. जीबीएसमध्ये एकूण मात्रा तीच, म्हणजे २ ग्रॅम, पण रोज ०.४ ग्रॅम याप्रमाणे पाच दिवसांत विभागून.

याचा अर्थ असा, की २० किलो वजनाच्या मुलाला प्रतिपिंडांच्या अभावासाठी एका वेळी ८ ते १२ ग्रॅम लागेल, आयटीपीसाठी १६ ते २० ग्रॅम, तर कावासाकीसाठी ४० ग्रॅम. मूल तेच, वजन तेच, पण गरज तिप्पट-चौपट बदलते. म्हणूनच ‘शेजारच्या मुलाला दोनच बाटल्या लागल्या होत्या’ या तुलनेला अर्थ नाही. फार स्थूल व्यक्तींत प्रत्यक्ष वजनाऐवजी उंचीनुसार योग्य वजन धरण्याची पद्धतही काही देशांत आहे. त्यामुळे औषध वाचते.

जीबीएसमध्ये ते कोणाला आणि केव्हा द्यायचे?

जीबीएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवर हल्ला करते. सुमारे दोनतृतीयांश रुग्णांत त्याआधी जुलाब किंवा श्वसनमार्गाचा संसर्ग झालेला असतो. पुण्यातील काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत आढळलेल्या ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ या जिवाणूच्या आवरणाची रचना मज्जातंतूंवरील काही रेणूंसारखी असते. जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मग मज्जातंतूंनाच शत्रू समजतात. पाय लुळे पडतात, अशक्तपणा वर सरकतो आणि २० ते ३० टक्के रुग्णांना श्वासासाठी व्हेंटिलेटर लागतो.

आयव्हीआयजी दिले जाते ते प्रामुख्याने आधाराशिवाय चालू न शकणाऱ्या रुग्णांना, आणि अशक्तपणा सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत. चालू शकणारा, स्थिर असलेला रुग्ण असेल, तर काही वेळा केवळ बारकाईने लक्ष ठेवणे पुरते. मात्र अशक्तपणा वेगाने वाढत असेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, रक्तदाब आणि नाडी अचानक खाली-वर होत असेल, तर थांबून चालत नाही. म्हणजे ‘जीबीएस’ हे निदान झाले की प्रत्येकाला इंजेक्शन, असे समीकरण नाही. तसेच पैशांची जुळवाजुळव करण्यात पहिले दोन आठवडे निघून जाणे हेही तितकेच घातक.

एक गोष्ट नातेवाइकांना आधीच सांगायला हवी. हे औषध झालेली इजा भरून काढत नाही, ते इजा वाढणे रोखते. मज्जातंतू सावरायला आठवडे, काहींना महिने लागतात. पाचव्या दिवशी रुग्ण उठून बसला नाही, म्हणजे औषध वाया गेले असे नव्हे.

एका कोर्सने फरक दिसला नाही, तर दुसरा द्यावा का?

सर्वात जास्त पैसा आणि आशा इथेच खर्ची पडते. ‘आणखी पाच दिवस देऊन बघू’ हे वाक्य माणुसकीचे वाटते, पण पुरावा त्याच्या बाजूने नाही. नेदरलँड्समधील संशोधकांनी सुधारणेची शक्यता कमी असलेल्या ९३ जीबीएस रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या कोर्सनंतर लगेच दुसरा कोर्स दिलेल्या रुग्णांत अधिक सुधारणा दिसली नाही. उलट रक्ताच्या गुठळ्यांसारखे गंभीर दुष्परिणाम त्यांच्यात जास्त आढळले.

याला एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. काही रुग्ण आधी सुधारतात आणि पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा खालावतात. तिथे डॉक्टर पुन्हा कोर्स देण्याचा विचार करतात. ही परिस्थिती ‘अजिबात फरक नाही’ या परिस्थितीपेक्षा वेगळी आहे. आणि आजार आठ आठवड्यांहून अधिक काळ वाढतच राहिला, तर तो जीबीएस नसून ‘सीआयडीपी’ हा दीर्घकालीन आजार असू शकतो. त्यात आयव्हीआयजी दर काही आठवड्यांनी द्यावे लागते आणि स्टिरॉइडही उपयोगी पडतात. जीबीएसमध्ये मात्र स्टिरॉइडचा फायदा नाही, हे अनेक चाचण्यांतून स्पष्ट झाले आहे.

प्लाझ्मा बदलण्याचा पर्याय किती खात्रीचा?

जीबीएससाठी तो तेवढाच खात्रीचा आहे. या पद्धतीत यंत्राच्या साहाय्याने रुग्णाचा प्लाझ्मा काढून त्यातील अपायकारक प्रतिपिंडे बाहेर टाकली जातात आणि त्या जागी पर्यायी द्रव दिला जातो. दोन आठवड्यांत साधारण चार ते सहा वेळा हे करावे लागते. १९९२ मधील डच चाचणीत आयव्हीआयजी हे प्लाझ्मा बदलण्याइतकेच परिणामकारक ठरले. १९९७ मध्ये ३८३ रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीनेही तोच निष्कर्ष काढला. दोन्ही उपचार एकापाठोपाठ केल्याने लक्षणीय जादा फायदा होत नाही, हेही तिने दाखवले.

मग आयव्हीआयजी लोकप्रिय का झाले? कारण ते देणे सोपे. साध्या सलाइनप्रमाणे ते देता येते. प्लाझ्मा बदलण्यासाठी यंत्र, मोठ्या शिरेत नळी आणि प्रशिक्षित कर्मचारी लागतात. रक्तदाब अस्थिर असलेल्या रुग्णांत किंवा लहान मुलांत ते अवघड जाते. पण जिथे सोय आहे, तिथे ते अनेकदा कमी खर्चात होते. आयव्हीआयजी दिल्यावर लगेच प्लाझ्मा बदलला, तर नुकतेच दिलेले औषधही त्यासोबत निघून जाते. हा क्रम टाळायला हवा.

या औषधाचे धोके कोणते?

डोकेदुखी, थंडी वाजणे, ताप, अंगदुखी हे त्रास बऱ्याच जणांना होतात. बहुतेकदा थेंबांचा वेग कमी केला की ते आटोक्यात येतात. म्हणूनच सुरुवात अगदी सावकाश केली जाते आणि नाडी, रक्तदाब पाहून वेग वाढवला जातो. ‘लवकर संपवून टाका’ असा आग्रह धरू नये.

गंभीर धोके कमी आढळतात, पण ते माहीत असायला हवेत. औषधामुळे रक्त दाट होते, त्यामुळे गुठळी होऊन पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. या धोक्याचा ठळक इशारा छापणे अमेरिकी औषध प्रशासनाने २०१३ मध्ये बंधनकारक केले. वयस्कर, अंथरुणाला खिळलेले, आधीच हृदयविकार असलेले रुग्ण यात जास्त असुरक्षित. मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, विशेषतः मधुमेही आणि शरीरातील पाणी कमी झालेल्यांत. ए, बी किंवा एबी रक्तगटाच्या रुग्णांत मोठ्या मात्रेनंतर लाल पेशी फुटून हिमोग्लोबिन उतरू शकते. रक्तात ‘आयजीए’ प्रतिपिंडे नसलेल्या थोड्या व्यक्तींना तीव्र अॅलर्जी होऊ शकते.

द्रवाचे प्रमाणही विसरता येत नाही. १२० ग्रॅम औषध ५ टक्के द्रावणात असेल, तर २.४ लिटर, १० टक्के असेल, तर १.२ लिटर द्रव शिरेतून जातो. अशक्त हृदयाला हा फरक जाणवतो.

लहान मुलांबाबत आणखी एक खबरदारी. या औषधानंतर गोवर-रुबेला, एमएमआर, कांजिण्या यांसारख्या जिवंत लशी मात्रेनुसार आठ ते अकरा महिने पुढे ढकलाव्या लागतात, नाहीतर लस लागू पडत नाही. रुग्णालयातून घरी सोडताना हे लसीकरण कार्डावर लिहून घ्यावे.

कावासाकीत घाई का करायची? आणि कुठे उपयोग नाही?

पाच किंवा अधिक दिवस न उतरणारा ताप, लाल डोळे, फुटलेले ओठ, पुरळ आणि सुजलेले हात-पाय असलेल्या लहान मुलांत कावासाकी आजाराची शंका घ्यावी लागते. उपचार न झाल्यास साधारण चारपैकी एका मुलाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांना फुगवटे येतात. तापाच्या पहिल्या दहा दिवसांत आयव्हीआयजी दिले, तर हे प्रमाण चार-पाच टक्क्यांपर्यंत खाली येते. इथे हे औषध मुलाचे पुढचे आयुष्य बदलते.

याउलट नवजात बाळांच्या जंतुसंसर्गात ते उपयोगी पडेल, अशी मोठी आशा होती. ३,४९३ बाळांवर नऊ देशांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले : मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व टाळण्यात काहीही फरक पडला नाही. अल्झायमरवरील प्रयोगही अपयशी ठरला. महाग औषध म्हणजे प्रत्येक अवघड आजारावर रामबाण, हा समज पुराव्यासमोर टिकत नाही.

नातेवाइकांनी काय विचारावे?

डॉक्टरांवर अविश्वास न दाखवताही काही साधे प्रश्न विचारता येतात. रुग्णाचे वजन किती धरले? एकूण किती ग्रॅम आणि किती दिवसांत? एक बाटली किती ग्रॅमची? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा. ‘इंजेक्शन वीस हजारांचे’ या वाक्यातून काहीच कळत नाही, कारण ६० किलोच्या रुग्णाला ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या लागतात, १० ग्रॅमच्या १२. तुलना करायची, तर प्रतिग्रॅम किमतीची. याखेरीज प्लाझ्मा बदलण्याची सोय आहे का, सरकारी योजनेत हा उपचार बसतो का आणि मूत्रपिंड व रक्तगटाची तपासणी झाली का, हेही विचारावे. प्रत्येक बाटलीचा खेप क्रमांक केसपेपरवर नोंदवला जातो ना, याचीही खात्री करावी.

प्रश्न फक्त इंजेक्शनचा आहे का?

पुण्यातील साथीत राज्य सरकारने मोफत उपचारांची घोषणा केली आणि महापालिकेचे कमला नेहरू रुग्णालय, पिंपरीचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय आणि ससून यांवर जबाबदारी सोपवली. ते योग्यच झाले. पण जीबीएस साथीची वाट पाहत नाही. दरवर्षी लाखामागे एक-दोन जणांना तो होतो. या हिशेबाने ११ कोटींहून अधिक लोकसंख्येच्या महाराष्ट्रात साथ नसतानाही वर्षाला हजारावर रुग्ण सापडायला हवेत. त्यातला एखादा नंदुरबारला किंवा गडचिरोलीला असतो आणि त्याच्यासाठी कोणतीही घोषणा होत नाही.

दुसऱ्या बाजूला, जन्मजात प्रतिपिंडे नसलेले मूल दर तीन आठवड्यांनी याच औषधावर जगते. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ मध्ये अशा आजारांचा समावेश आहे आणि निवडक केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्यांपैकी एक. पण मदतीला मर्यादा आहे आणि उपचार जन्मभराचा. साथीच्या काळात गरज नसलेल्या रुग्णाला दिलेली किंवा निष्कारण दुसऱ्यांदा दिलेली प्रत्येक बाटली ही अशा मुलाच्या वाट्यातून जाते. त्यामुळे मात्रेची शिस्त ही केवळ हिशेबाची बाब राहत नाही. ती न्यायाची बाब ठरते.

म्हणून सरकारने इंजेक्शनांच्या खरेदीपलीकडे पाहायला हवे. प्रत्येक विभागातील किमान एका वैद्यकीय महाविद्यालयात प्लाझ्मा बदलण्याची चोवीस तास सोय, औषधाची प्रतिग्रॅम किंमत रुग्णालयात ठळकपणे लावण्याची सक्ती, कोणत्या आजारात किती मात्रा याची राज्यभर एकच नियमावली आणि आजन्म गरज असलेल्या मुलांसाठी राखीव साठा, एवढे तरी तातडीने करता येईल. स्वेच्छा रक्तदानाची परंपरा असलेल्या या राज्यात शिबिरांतून जमा होणारा प्लाझ्मा वाया न जाता औषधनिर्मितीपर्यंत पोहोचतो का, याचाही हिशेब मागायला हवा.

आणि सर्वात स्वस्त उपाय तर नळाच्या तोंडाशी आहे. दूषित पाणी आणि कच्चे राहिलेले चिकन यांतून कॅम्पिलोबॅक्टरचा संसर्ग होतो. पाण्यातील क्लोरिनच्या तपासणीचा रोजचा खर्च आणि एका रुग्णाला लागणारे १२० ग्रॅम औषध यांची तुलना पालिकांनी एकदा कागदावर मांडून पाहावी. शंभर दात्यांच्या रक्तातून जे वाचवावे लागते, त्यातील बरेचसे स्वच्छ पाण्याने आधीच वाचू शकते.